कॅन्डीस जाणाऱ्या उपासकांसाठी

मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेस (तेव्हाचे सिलोन) गेले होते. उजनीकाठच्या आपल्या गावांतून तेथील कॅन्डी शहरी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आम्ही काही उपयुक्त माहिती देत आहोत.

दंतधातू विहारात पादत्राणे बाहेर काढावीत. खांदे व गुडघे झाकलेले असावेत; पांढरी वस्त्रे उत्तम. वाहावयाच्या फुलांचा वास घेऊ नये. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तो अनादर मानतात. बसमधील पुढच्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात. पौर्णिमेस सार्वजनिक सुट्टी असून दारू व मांसविक्री बंद असते.

आपल्या तरुणांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपण श्रद्धेने अंगावर बुद्धप्रतिमा गोंदवून घेतो. २०१४ साली दंडावर अशी प्रतिमा असलेल्या एका ब्रिटिश महिलेस तेथे विमानतळावर अटक झाली व परत पाठविण्यात आले. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली, हे खरे. पण यात्रा तर हुकलीच. म्हणून गोंदण पूर्ण बाह्यांनी झाकावे.

सिंहली येत नाही म्हणून संकोच नको. त्रिसरण-पंचशील तेथेही पालीतच म्हणतात. त्यांच्या सुरात आपला सूर मिसळावा.