पाणी पाहून मासे

ठाण्यात माझ्या घरी दोन फुटांची टाकी आहे. ती पाहून सोलापूरच्या मावसबहिणीने हुबेहूब तशीच टाकी लावली. काच तीच, फिल्टर तोच, आणि माझ्याच यादीप्रमाणे आणलेले दहा निऑन टेट्रा. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, तेव्हा एकच मासा उरला होता आणि तोही फिल्टरच्या मागे जाऊन बसला होता. बिचारी स्वतःला दोष देत होती. चूक माझी होती. यादी देताना मी तिला दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: पाणी कुठलं येतं, आणि टाकी भरून किती दिवस झाले?

पाण्याचं आधी सांगतो. आमच्याकडची भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं पावसावर भरतात. त्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते हलकं. बहिणीकडे येतं ते बोअरचं. हे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत येतं, येताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणतं. ते जड. आपलं पाणी कुठलं हे घरातली बाईमाणसंही न मोजता सांगतील. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो का, बादलीच्या कडा खरखरीत होतात का, साबणाला फेस येतो का, एवढं पाहिलं की झालं.

निऑन टेट्रा हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या अतिशय हलक्या पाण्यातला मासा. त्याला बोअरच्या पाण्यात सोडणं म्हणजे त्याच्या मूळ घराच्या अगदी उलट ठिकाणी नेणं. पाणी बदलण्याच्या खटपटी करण्यापेक्षा पाण्याला मानवणारा मासा आणावा, हे माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी उत्तम राहतात. गप्पी तर आपल्या ओळखीचाच. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात, डबक्यात सोडतात तोच हा मासा. टाकीत मात्र फक्त नर ठेवा. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते, आणि एकदा संयोग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. बहिणीच्या टाकीत आज सात गप्पी आहेत, सगळे नर.

हलक्या पाण्यासाठी एंबर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा घ्या. पण मला विचाराल तर आपल्याच मुलखातल्या माशांना पहिला मान द्या. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज जगभरच्या दुकानांत मिळणारे झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, ड्वार्फ गुरामी आणि हनी गुरामी या चौघांचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा त्याच ग्रंथात आलं. झेब्रा तर पुढे प्रयोगशाळांमधला मोठा महत्त्वाचा मासा ठरला. पुणे-नाशिकच्या थंडीत हीटर नसला तरी तो तग धरतो.

हनी गुरामीबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं. दुकानातल्या उजेडात तो फिकट, मळकट पिवळा दिसतो आणि गिऱ्हाईक पुढे सरकतं. घरी आणून पंधरा दिवस शांतपणे राहू द्या. नराचं अंग मधाच्या रंगाचं होतं, विणीच्या वेळी हनुवटीपासून पोटापर्यंत काळसर निळी छटा उतरते. कल्ल्यांच्या वर त्याला हवा शोषणारा एक खास अवयव असतो, म्हणून तो मधूनमधून वर येऊन हवा घेऊन जातो. तरंगत्या पानाखाली तोंडाने बुडबुडे सोडत तो घरटं बांधतो. मादीने घातलेली अंडी तोंडात गोळा करून त्या बुडबुड्यांत ठेवतो आणि मग जवळ येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो. जेमतेम दोन इंचांचा मासा, पण रात्री जेवणं झाली की आमच्या घरातले सगळे त्याच्यासमोर बसतात.

आता संख्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा धरली की उरतं साधारण ४५. एवढ्यात आठ-दहा छोट्या टेट्रांचा थवा आणि हनी गुरामीची एक जोडी, बस्स. थव्याने राहणारा मासा दोन-दोन आणू नका, तो भेदरून कोपरा धरतो. गोल्डफिश या टाकीसाठी नाही, काचेच्या गोल भांड्यासाठी तर नाहीच. तो सहा-आठ इंच वाढतो, नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. काच साफ ठेवतो म्हणून दुकानदार हातात देतात तो सकर फूटभराच्या पुढे जातो. मग लोक तो तलावात सोडून येतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हे परके मासे सापडू लागले ते असेच. अंगावर गुलाबी-हिरव्या रेघा असलेले पारदर्शक मासे दिसले तर तेही घेऊ नका. तो रंग सुईने टोचलेला असतो.

वनस्पतींत नवख्यांची फसगत जास्त होते. लकी बांबूसारखी कुंडीतली झाडंही टाकीसाठी म्हणून विकली जातात आणि पाण्याखाली महिन्या-दोन महिन्यांत कुजतात. जावा फर्न आणि अनुबियास यांना कमी उजेड चालतो. त्यांचा आडवा जाड कंद मात्र वाळूत पुरू नका, दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा. पुरला की सडलाच. क्रिप्टोकोरिन लावल्यावर आठवडाभरात पानं विरघळून जातात आणि लोक ती उपटून फेकतात. थांबा, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात. याच कुळातल्या काही जाती आपल्या कोकणात नदी-ओढ्यांच्या काठी वाढतात. जड पाण्यात व्हॅलिसनेरियाच्या लांब पट्ट्या छान पसरतात. आणि जलब्राह्मी! औषधी म्हणून आपण जिला ओळखतो ती टाकीतही सरळ उभी वाढते. कासच्या पठारावरचा वायतुरा पाहून मोह होईल, कारण त्याच्या कुळातले कंद बाजारात मिळतात. पण तो दुर्मिळ आहे, तिथेच राहू द्या. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. खिडकीतलं ऊन पडलं तर पाणी हिरवं होतं.

राहिला दुसरा प्रश्न, दिवसांचा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बहिणीने दुसऱ्याच दिवशी मासे सोडले होते. बोअरचं पाणी एक वेळ त्यांनी सोसलंही असतं, अमोनिया सोसवला नाही.

तेव्हा यंदा टाकी घ्यायची असेल तर दिवाळीच्या पाडव्याला घ्या. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर भरा. वनस्पती लावा, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि जिवाणूंना अन्न म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाका. मासे देवदिवाळी झाल्यावरच आणा, पहिल्या खेपेला चारच.