हिरव्या ठिपक्याचा पहारा

लेखमाला : कामाचे घड्याळ – भाग ६

गेल्या आठवड्याचा लेख गिरणीच्या भोंग्यापाशी थांबला होता. हा भोंगा गिरणगावाला पहाटे उठवायचा आणि पाळीवर हाकलायचा. पण पाळी सुटल्याची वर्दीही तोच द्यायचा, आणि ती मिळाली की साच्यापुढचा माणूस निदान त्या दिवसापुरता गिरणीचा उरत नसे. घरून काम करणाऱ्याच्या आयुष्यातून भोंग्याची पहिली हाक गेली, हे बरेच झाले. दुसरीही गेली, याची मात्र फारशी दखल कोणी घेतली नाही. आता तिच्या जागी चॅटच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका आहे. माणूस जागेवर आहे एवढे तो सांगतो, पण ‘आता सुटलात’ असे कधीच म्हणत नाही. दूरस्थ कामातल्या ताणाचे खापर कधी घरावर फोडले जाते, कधी यंत्रावर. माझ्या मते त्याचे मूळ या न वाजणाऱ्या दुसऱ्या भोंग्यात आहे.

यंत्राला दोष देण्याची सवय जुनी आहे. ‘टेक्नोस्ट्रेस’ हा शब्द अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांच्या १९८४ मधल्या पुस्तकामुळे रुळला. तेव्हा संगणक नुकता कचेरीत शिरला होता, आणि नव्या यंत्राशी नीट जुळवून घेता न येणे हाच ब्रॉड यांच्या लेखी आजार होता. पुढे २००७-०८ च्या सुमारास मोनिदीपा तरफदार आणि त्यांच्या सहसंशोधकांनी या ताणाची पाच कारणे वेगळी केली : वाढलेला भार, खासगी आयुष्यात शिरकाव, गुंतागुंत, नोकरी जाण्याची धास्ती आणि सतत बदलणाऱ्या प्रणालींची अस्थिरता. गुंतागुंत प्रशिक्षणाने कमी होते, अस्थिरता सवयीने पचते. व्हिडिओ बैठकांच्या थकव्याचेही तसेच. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची जी कारणे मांडली, म्हणजे अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचा चेहरा, एका जागी जखडलेले शरीर आणि हावभाव वाचण्याचे जादा श्रम, त्यांतली बरीचशी कॅमेरा बंद केला की सैल होतात. शिरकाव मात्र कोणत्याही बटणाने बंद होत नाही, कारण तो यंत्राने केलेलाच नसतो. यंत्र फक्त दार उघडे ठेवते.

मग घर दोषी आहे का? पुरावा तसे म्हणत नाही. चीनमधल्या ‘सीट्रिप’ या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. तरीही प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळताच त्यांच्यातल्या सुमारे निम्म्यांनी कचेरीची वाट धरली, कारण घरी एकटेपणा खात होता. याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला आणि २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि बढतीवर वा मूल्यमापनावर वाईट परिणाम दिसला नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर रोजचे तास घालवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तेव्हा ‘सगळ्यांना कचेरीत परत बोलवा’ हा उपाय ताणाच्या नावाने पुढे केला जात असेल, तर तो चुकीच्या दुखण्यावरचा लेप आहे. फोन तर कचेरीतून घरी जाणाऱ्याच्याही खिशात असतोच.

दुखणे कुठे आहे, याचा माग इतर आकडे देतात. २०२० च्या टाळेबंदीत १६ महानगरांतल्या ३१ लाखांहून अधिक लोकांच्या ईमेल आणि बैठकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कामाचा दिवस, म्हणजे पहिल्या निरोपापासून शेवटच्या निरोपापर्यंतचा पल्ला, सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला होता. बैठका आखूड झाल्या, पण त्यांची संख्या जवळपास १३ टक्क्यांनी वाढली. आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक व्यावसायिकांच्या अभ्यासात तास वाढले, काम किंचित घटले आणि उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली. समन्वय आणि बैठका फुगल्या, सलग कामाचा वेळ आकसला. याचा माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा की, दिवस ‘मी आहे’ हे दाखवण्यात जातो आणि खरे काम रात्रीवर ढकलले जाते. रात्री प्रत्यक्ष निरोप आलाच पाहिजे असेही नाही. विल्यम बेकर आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात, कामाबाहेरच्या वेळी ईमेलवर लक्ष ठेवावे लागेल ही नुसती अपेक्षाही कर्मचाऱ्याची चिंता वाढवताना दिसली, आणि जोडीदारालाही तिची झळ पोचली. आपल्याकडे ही झळ सारखी वाटली जात नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८. जिचा दिवस आधीच दोन पाळ्यांचा, तिच्यासाठी न सुटणारी पाळी ही तिसरी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : फोन बंद ठेवा, कोणी बांधून ठेवले आहे? लॉरा जुर्जे आणि व्हॅनेसा बॉन्स यांच्या २०२१ च्या संशोधनात याचे उत्तर सापडते. तातडी नसलेल्या ईमेलला किती लवकर उत्तर हवे आहे याचा अंदाज घेणारा, पाठवणाऱ्याच्या खऱ्या अपेक्षेहून जास्त घाई गृहीत धरतो. म्हणजे साहेबाने सकाळी विसरू नये म्हणून रात्री अकराला पाठवलेली ओळ हाताखालच्या माणसाला हुकूम वाटते. दुसरे असे की, मेलिसा मॅझमॅनियन आणि सहसंशोधकांनी २०१३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, खिशातल्या ईमेलमुळे प्रत्येकाला आपण मोकळे झालो असे वाटते, पण सगळेच कधीही उत्तर देऊ लागले की तोच शिरस्ता बनतो आणि मोकळीक सगळ्यांचीच जाते. शिरस्ता दहा जणांनी मिळून घातलेला असतो. एकाने फोन बंद केला तर तो मोडत नाही, फक्त तो एकटा उठून दिसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ. ग्राहकाचा दिवस सुरू होताना आपण दारे लावली, तर धंदा कसा चालायचा? अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर गिरणीलाही ठाऊक होते : पाळी. रात्री कोणीतरी लागतो याचा अर्थ रात्री सगळे लागतात असा होत नाही. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी ‘बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप’मध्ये, म्हणजे ग्राहकाच्या एका हाकेवर धावणाऱ्या पेशात, प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ आधीच ठरवून सक्तीने मोकळी दिली. ग्राहक पळाले नाहीत. कोणाच्या गैरहजेरीत कोण बघणार हे ठरवावे लागल्याने गटातला संवाद उलट सुधारला.

उरतो कायदा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना संपर्कमुक्त वेळेबाबत वाटाघाट करावी लागते. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये वेळेबाहेरचा संपर्क, नकार अवाजवी नसेल तर, नाकारण्याचा हक्क दिला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशा हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, पण खासगी विधेयकांचा कायदा क्वचितच होतो. शिवाय कायदा आला तरी तो नाकारण्याचा हक्क देईल. नाकारण्याची वेळच येऊ नये, ही व्यवस्था गटानेच करायची आहे. जुर्जे-बॉन्स यांच्या प्रयोगात ‘लगेच उत्तर नको’ एवढे सुरुवातीला लिहिल्यानेही वाचणाऱ्याची घाई कमी झाली होती. रात्रीची पाळी कोणाची हे फळ्यावर लिहिणे, बाकीच्यांच्या पडद्यावरून ठिपका काढून टाकणे आणि निरोपात उत्तराची मुदत घालणे, याला खर्च लागत नाही. लागतो तो वरच्या माणसाने सोडायचा एक अधिकार : हाक मारताच ओ मिळण्याचा. तो सोडायला वरच्यांची तयारी किती आहे, हे कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर बसवलेल्या पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून दिसते. पुढच्या भागात त्याविषयी.