दुखणे कोणते, दार कोणते?

सायंकाळी शाळेचे काम आटोपून जवाहर चौकातून घरी परतताना रोज एक दृश्य दिसते. औषधांच्या दुकानांपुढे माणसे उभी असतात. कोणी खोकल्याचे औषध मागतो, कोणी ‘ताप उतरेल अशी एखादी गोळी’ मागतो, आणि फळीपलीकडचा मुलगा क्षणार्धात निदान करून पुडी हाती ठेवतो. पलीकडे एखाद्या तज्ज्ञाच्या पाटीखाली नंबर लावून बसलेली मंडळी. यांतील कितीजण योग्य दारी आले असतील, हा विचार पूर्वी माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. आता तो सोडू म्हटले तरी सुटत नाही. तसे घडण्यास जे कारण झाले ते माझ्या दृष्टीने भूषणावह नाही. तरीही ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एका रात्री जेवणे झाल्यावर माझ्या थोरल्या बंधूंच्या हातून पाण्याचे भांडे निसटले. त्यांचे शब्द जड येऊ लागले. ओठ एका बाजूस किंचित कलल्यासारखे वाटले. रात्रीचे दहा वाजले होते. वहिनी घाबरल्या. मी घरातला शिकलेला, चार लोकांना सल्ला देणारा! “पित्त झाले असेल, दादा थकले आहेत, सकाळी पाहू,” असे मीच म्हणालो. सकाळी त्यांना एका नावाजलेल्या तज्ज्ञाकडे नेले. तेथे दीड तास नंबरात बसलो. तेथून एका लहानशा खासगी रुग्णालयात गेलो, तर तेथे सी. टी. स्कॅनचे यंत्रच नव्हते. मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे किती वाजता सुरू झाले?” मी “काल रात्री दहा” म्हणालो. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावयाचे असते. आम्ही पंधरा तास घालविले होते. दादा वाचले. परंतु ज्यांची मोत्यासारख्या अक्षरांतील पत्रे नातलग जपून ठेवीत, त्यांचा उजवा हात पुन्हा लेखणी धरू शकला नाही.

त्या दिवशी भेटलेल्या कोणत्याही डॉक्टरांना मी दोष देत नाही. दार चुकले होते, आणि ते मी निवडले होते. आपण सारे ‘मोठा डॉक्टर कोण?’ असे आधी विचारतो. खरे पाहता पहिला प्रश्न ‘या दुखण्यात आपल्या हाती वेळ किती आहे?’ हा असावयास हवा. त्याचे उत्तर मिळाले की दार बहुधा आपोआप सापडते.

काही दुखण्यांचा हिशेब तासांचा असतो. छातीवर दडपण येऊन घाम फुटणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, श्वास कोंडणे, सर्पदंश, न थांबणारा रक्तस्राव, गरोदर स्त्रीला झटके येणे ही ती लक्षणे होत. येथे तज्ज्ञाची वेळ मागत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे रात्रीही डॉक्टर हजर असतात व तपासणीची साधने असतात अशा रुग्णालयात थेट जावे. पक्षाघाताची शंका असल्यास रुग्णास काहीही खाऊ-पिऊ घालू नये, आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर टिपून घ्यावी. तात्या टोपे यांच्या नावाने वसलेल्या आमच्या या टी. टी. नगरास जयप्रकाश रुग्णालय जवळचे. जुने भोपाळकर त्याला अजून ‘बारासौ पचास’ म्हणतात. शहरात हमीदिया आहे, एम्स आहे. कोणत्या प्रसंगी कोठे जावयाचे, हे संकट येण्यापूर्वी शांतपणे विचारून ठरवून ठेवावे. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री वायुगळतीने होरपळलेले हजारो लोक हमीदियाकडे धावले. त्या रात्री निवडीस अवसरच नव्हता. आज तो आपल्याला आहे.

दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यांचा हिशेब दिवसांचा. सर्दी, पडसे, साधा ताप, जुलाब यांसाठी मोठ्या रुग्णालयाची रांग धरणे म्हणजे ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’. येथे कुटुंबाचा डॉक्टर किंवा वस्तीतील सरकारी दवाखाना पुरेसा असतो. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर प्रतिजैविकांचा काडीमात्र उपयोग नसतो. जुलाबात जलसंजीवनीसारखे औषध नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले, हे स्मरावे. उलट २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. औषध दूषित आहे हे आईबापांना कसे कळावे? परंतु दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वेळी बजावले. प्रत्येक खोकल्यास बाटली हवीच, ही समजूत आपण सोडली पाहिजे. मात्र मूल निपचित पडले, दूध घेईना, लघवी कमी झाली किंवा ताप तीन दिवसांत हटला नाही, तर घरी थांबू नये. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस टोचून घ्यावी.

तिसरा हिशेब वर्षांचा. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात हे घरी मुक्कामास आलेले पाहुणे. यांना हवा असतो आपला पूर्वेतिहास जाणणारा एक डॉक्टर आणि एक नीट ठेवलेली फाईल. आमच्या सौ.ना एका डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली. पुढे दुसऱ्यांनी वेगळ्या नावाची दिली. त्या दोन्ही घेत राहिल्या आणि चक्कर येऊन पडू लागल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून पाहिली, तर नावे दोन, औषध एकच! तज्ज्ञाकडे जावेच, पण याच डॉक्टरांच्या चिठ्ठीने जावे व त्यांच्याकडेच परत यावे. आयुर्वेद वा होमिओपॅथीवर श्रद्धा असेल तर शिक्षित वैद्यांकडे जावे, चालू औषधांची यादी त्यांना दाखवावी, आणि इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. मनाचे दुखणेही दुखणेच आहे. मुले दूर गेलेल्या घरांत ते मुकाट्याने वाढते. त्यासाठी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी साहाय्य विनामूल्य मिळते.

या सर्व दारांना एक क्रम आहे. १९४६ साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत जी शिडी आखून दिली, तिचा हेतू हाच होता. पहिलीतल्या मुलाला आपण महाविद्यालयात पाठवीत नाही. परंतु घराला आग लागली असता पायरी-पायरीने विचारपूस करीत बसणेही शहाणपणाचे नव्हे. कोठे क्रमाने जावयाचे आणि कोठे क्रम सोडून धावावयाचे, एवढा विवेक घरातील प्रत्येकास असला पाहिजे.

वाचकांना एकच विनंती. या रविवारी सारे घर एकत्र बसवून एक कागद करावा. त्यावर घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनी, रात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय, १०८, प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे व न मानवणारी औषधे लिहावीत, आणि तो सर्वांच्या दृष्टीस पडेल असा लावावा. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे असा कागद आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, ओळी उतरत्या आहेत. दादांनी तो हट्टाने डाव्या हाताने लिहिला आहे.