शिरा : पानातील आणि देहातील

बऱ्हाणपूरच्या केळीबागांत वारा शिरला म्हणजे रुंद पाने कडेपासून मधल्या दांड्यापर्यंत फाटतात. पण फाटतात ती वेडीवाकडी नव्हे, तर समांतर रेषांनी. केळीच्या पानातील शिरा अशाच समांतर असतात. पिंपळपानात त्यांचीच जाळी होते. त्याच पाठ्यपुस्तकाची पुढील पाने उलटली की विद्यार्थ्याला 'शिरा' पुन्हा भेटतात, त्या मात्र रक्त वाहणाऱ्या.

हा शब्द मूळचाच मोठ्या पोटाचा. सुश्रुताने देहातील सातशे शिरांचे वर्णन करताना त्यांस बागेतल्या पाटांची उपमा दिली आणि त्यांच्या फाट्यांस झाडाच्या पानावरील रेषांची. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूगर्भातील जलप्रवाहांसही शिराच म्हटले. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे असे पाणी अडवून 1615 च्या सुमारास बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बांधला गेला. तो आजही पाहावयास मिळतो.

अर्वाचीन शरीरशास्त्राने अर्थ आवळला. हृदयाकडे रक्त आणते ती शिरा, हृदयापासून नेते ती धमनी. रक्त शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्नच नाही. फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणारीही शिराच. मराठीत यांस नीला व रोहिणी अशी सुरेख नावे होती. ती पाठ्यपुस्तकांतून मागे पडली नसती, तर पुढचा घोटाळा बराचसा टळता.

कारण पानाची शीर ही एक नळी नसून जुडगा आहे. त्यातील जलवाहिन्या मुळांकडून आलेले पाणी पानात पोहोचवितात. रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर फळांकडे, कोंबांकडे, मुळांकडे नेतात. येथे हृदय नाही, आणि रक्तासारखी फेरीही नाही. हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केल्यावर वनस्पतिरसही तसाच फिरत असावा, असे काही विद्वानांनाही वाटले. झाडाने शोषलेले पाणी बहुतांशी पानांवाटे वाफ होऊन निघून जाते, हे स्टीफन हेल्सने 1727 मध्ये मोजमापांनिशी दाखविले.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. केळीच्या पनामा मर रोगात बुरशी मुळांवाटे जलवाहिन्यांत शिरते व त्या तुंबतात. खालची पाने कडेने पिवळी पडून लोंबू लागतात. दोष पानात दिसतो, पण असतो मुळाशी. म्हणून पानांवर कितीही औषध फवारले तरी त्या झाडास गुण येत नाही. रोगट बुंधा कापून पाहिला असता तुंबलेल्या वाहिन्यांच्या तांबूस-तपकिरी रेषा डोळ्यांनी दिसतात.