फिट आली, तर वर्गात कोण?

वर्गात मुलाला फिट आली की आपल्याकडे कांदा, चप्पल नाहीतर किल्ल्यांचा जुडगा शोधायची धावपळ होते. यातल्या कशानेही झटका थांबत नाही. उलट दातांत चमचा कोंबला तर दात तुटू शकतो, आणि पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका. करायचं ते फारच साधं आहे. घड्याळ बघायचं, बाकं सरकवायची, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, मुलाला कुशीवर वळवायचं. झटका ५ मिनिटांहून लांबला तर १०८ला फोन. बहुतेक झटके त्याआधीच थांबतात, म्हणजे निर्णायक वेळ डॉक्टरांची नसून शाळेची असते.

२०२०मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं ठरलं. कल्पना चांगली, पण संख्या तोकडी: ते दोघे रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर असले, की शाळा पुन्हा कांद्यापाशी. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार आहे, हा आक्षेप रास्तच. म्हणूनच हे शिक्षण शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि बसमधल्या मदतनीस बाईंपर्यंत न्यायला हवं. ‘आम्ही डॉक्टर नाही’ ही भीतीही समजते. मात्र इथे औषध द्यायचंच नाही, आणि शिकवण्यातला निम्मा भाग तर काय करू नये हाच आहे. त्याला एक दुपार पुरते. उजळणी मात्र दरवर्षी जूनमध्ये, बदल्या आटोपल्यावर.