नाणे कुणाचे, पैसा कुणाचा?

‘आभासी चलन’ हा शब्द वर्तमानपत्रांमुळे मराठीत रुळला. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून असेल, मला तो पहिल्यापासून खटकतो. आभास म्हणजे नसलेले दिसणे. पण या व्यवहारात बुडणारा रुपया काही आभासी नसतो. तो कुणाच्या तरी पगारातला असतो, कुणी मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेला असतो.

मी अर्थतज्ज्ञ नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण राहतो कर्वेनगरात. आमच्या भागात वसतिगृहे पुष्कळ, कॉट बेसिसवर राहणारी मुले पुष्कळ, नव्याने नोकरीला लागलेले तरुणही पुष्कळ. चहाच्या टपरीवर पूर्वी परीक्षेच्या आणि मुलाखतींच्या गोष्टी कानावर यायच्या. हल्ली ‘बिटकॉइन कितीवर गेला?’ आणि ‘मी पन्नास एक्सवर आहे’ अशी वाक्ये ऐकू येतात. हे पन्नास एक्स म्हणजे काय, ते समजून घ्यायला बसलो, तेव्हा लक्षात आले की सामान्य माणसाने विचारायचे प्रश्न दोनच आहेत. नाणे कुणाचे? आणि पैसा कुणाचा?

आधी नाण्याचे पाहू. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये ते चलन सुरू झाले. हे नाकामोतो कोण, ते जगाला आजही माहीत नाही. कल्पना मात्र समजायला अवघड नाही. जमिनीचा सात-बारा तलाठ्याच्या दप्तरात असतो. समजा, त्या उताऱ्याची प्रत हजारो लोकांकडे आहे आणि प्रत्येक नोंद त्या सगळ्यांकडे जुळली तरच खरी मानायची, असा नियम आहे. मग एकट्या माणसाला खाडाखोड करता येणार नाही. बिटकॉइनची खतावणी अशीच हजारो संगणकांवर असते. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त कधी होणार नाहीत, हेही नियमातच आहे. हा आकडा कुणा मालकाला वाढवता येत नाही, कारण मालकच नाही.

याचा अर्थ भाव सुरक्षित आहे, असा मात्र नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या खाली आला. म्हणजे रुपयातले बारा आणे गेले. सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या नाण्याची ही गोष्ट.

बाकीच्या नाण्यांना सरसकट ‘ऑल्टकॉइन’, म्हणजे पर्यायी नाणी म्हणतात. ती सगळी एका माळेचे मणी नाहीत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमवर नुसते पैसे पाठवता येतात असे नाही, करारही लिहिता येतात. पण त्याच्या ‘इथर’ नाण्याला बिटकॉइनसारखी ठरलेली मर्यादा नाही. डोजकॉइन २०१३ मध्ये चक्क गंमत म्हणून निघाले. त्यात दरवर्षी सुमारे ५०० कोटी नव्या नाण्यांची भर पडते. लुना नावाचे नाणे मे २०२२ मध्ये काही दिवसांत ८० डॉलरवरून एका सेंटच्याही खाली गेले. आज तयार आज्ञावली घेऊन कुणालाही थोडक्या वेळात नवे नाणे काढता येते. म्हणून विचारायचे, की नाणे कुणाचे? ते आणखी कोण काढू शकतो आणि नियम कोण बदलू शकतो?

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, ते पुण्याने पाहिले आहे. गेनबिटकॉइन नावाची योजना अनेकांना आठवत असेल. अमित भारद्वाज हा तिचा सूत्रधार असल्याचा पोलिसांचा आरोप होता. तुम्ही बिटकॉइन विकत घ्या, आमच्याकडे गुंतवा, आम्ही संगणकांवर नवे बिटकॉइन ‘खणू’ आणि तुम्हाला १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, असे आश्वासन होते. एकाचे १.८ होणार. वर नवे गुंतवणूकदार आणले की कमिशन. आमच्याकडे धर्मशास्त्रात ‘गरर’ असा शब्द आहे. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मराठीत तर म्हणच आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल.

सुरुवातीला बिटकॉइन मिळालेही. २०१७ मध्ये नव्या लोकांचा ओघ आटला, तेव्हा कंपनीने परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या स्वतःच्या नाण्यात द्यायला सुरुवात केली. त्याची किंमत अगदीच कमी होती. दुकानदार सुटे नाहीत म्हणून रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, तसे. फरक इतकाच, की इथे लोकांची आयुष्याची बचत घेऊन चॉकलेट दिले गेले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे मार्च २०२२ मध्ये तपासाला मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, आरोपींकडचे चलन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. देशभरचे गुन्हे आता सीबीआयकडे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठहून अधिक ठिकाणी छापे घातले. बुडालेल्याला चौकशी दिसते, पैसे दिसत नाहीत.

आता दुसरा प्रश्न, पैसा कुणाचा? पन्नास एक्स म्हणजे आपल्या पैशाच्या पन्नासपट सौदा. याला लिव्हरेज म्हणतात. लिव्हर म्हणजे तरफ. पहारीची तरफ लावली की थोड्या जोराने मोठा धोंडा हलतो. तो उलटा आला तर मात्र आपला जोर कामी येत नाही.

हिशेब करून पाहा. तुमच्याजवळ २० हजार रुपये आहेत. दहापट सौदा केला, म्हणजे २ लाखांचा. भाव ५ टक्के वाढला, तर १० हजार सुटले. टपरीवर सांगितली जाते ती गोष्ट एवढीच. भाव १० टक्के उतरला, तर २० हजार गेले, आणि प्रत्यक्षात त्याच्या थोडे आधीच संगणक तुमचा सौदा परस्पर बंद करतो. पन्नासपट असेल, तर २ टक्केही पुरतात. शिवाय शुल्क पूर्ण सौद्यावर लागते. समजा ०.०५ टक्के आहे. पन्नासपट म्हणजे १० लाखांच्या सौद्यावर घेताना ५०० आणि विकताना ५००. भाव जागचा हललाही नाही, तरी तुमच्या २० हजारांतले ५ टक्के गेले.

खरी मेख पुढे आहे. स्वतःच्या पैशाने बिटकॉइन घेतलेल्याचे २० हजार १० टक्के घसरणीत १८ हजार होतात. आठवड्याने भाव परत वर आला, की त्याचे २० हजार पुन्हा जागेवर. तरफवाला मात्र तोवर खेळाबाहेर गेलेला असतो. भाव वर येईल, हा त्याचा अंदाज बरोबर ठरला तरीही. छोट्या माणसाकडे मोठ्यांसारखा पैसा नसतो. त्याच्याकडे थांबायची मुभा असते, आणि पन्नास एक्समध्ये तो नेमकी तीच विकून टाकतो.

१० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने चिनी मालावर १०० टक्के जादा आयातशुल्काची घोषणा केली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. बिटकॉइन १० टक्क्यांहून अधिक घसरला. कित्येक पर्यायी नाणी थोड्या वेळात निम्म्याहून खाली गेली. चोवीस तासांत जगभर १९ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे तरफेवरचे सौदे आपोआप बंद झाले. अनेकांना सकाळी मोबाइल उघडल्यावर खाते रिकामे दिसले असणार. पर्यायी नाण्यांचा बाजार पातळ असतो, विकायला सगळे एकदम धावले की घेणारा उरत नाही. म्हणून ‘दहा वेगवेगळी नाणी घेऊन जोखीम वाटली’ हेही समाधान खोटे. बिटकॉइन पडला, की ती बहुधा त्याच्याबरोबर आणि त्याच्यापेक्षा जोरात पडतात.

शेअर बाजारावर सेबीची देखरेख आहे. तिथेही २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, असे सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. क्रिप्टोच्या सौद्यांवर तर तशी देखरेखही नाही.

कर मात्र आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात २० हजार मिळाले, दुसऱ्यात २० हजार गेले, हातात शून्य, तरी ६ हजार कर आणि वर उपकर.

तरुणांना ‘हात लावू नका’ म्हणून ते ऐकतील, अशी माझी समजूत नाही. घ्यायचेच असेल, तर बुडाले तरी घराचा हप्ता चुकणार नाही एवढ्याच रकमेचे घ्या, आणि स्वतःच्या पैशाने घ्या. कुणी दरमहा ठरलेले टक्के देतो म्हणाला, तर ते कोणत्या नाण्यात देणार आणि ते नाणे कोण काढतो, हे आधी विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर तेवढ्यावरच उठून या. आणि आईवडिलांनो, मुलगा रात्री दोन वाजता मोबाइलकडे बघत बसला असेल, तर अभ्यासाची चौकशी नंतर करा. आधी विचारा, कितीपट आहेस?