मताला जात असते का?

निवडणुकीचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की गावोगावच्या पारावर एक हिशेब सुरू होतो. "अमक्या समाजाची एवढी मते, तमक्याची एवढी, हे तिघे एकत्र आले की आपला माणूस निवडून आलाच म्हणून समजा." बोटांवर बेरीज होते. कुणी मान डोलावतो, कुणी आकडा दुरुस्त करतो. मंडळी, हा हिशेब आपण सर्वांनी ऐकला आहे. पुष्कळांनी केलाही असेल. आज त्या हिशेबाचीच थोडी तपासणी करू या. तो कितपत खरा आहे, तो आला कुठून, आणि मुख्य म्हणजे तो कुणाच्या फायद्याचा आहे, एवढे तीनच प्रश्न घेऊ.

बेरीज करणाऱ्याला प्रथम विचारावे, की बाबा रे, हे आकडे तू आणलेस कुठून? आपल्या देशात सर्व जातींची मोजणी होऊन तिचे आकडे छापले गेले ते १९३१ सालच्या खानेसुमारीत. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा जन्मालाही आला नव्हता. तासगाव सातारा जिल्ह्यात मोडत होते. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने होती. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती व जमातींची तेवढी मोजणी होत आली. पुढच्या जनगणनेत सर्वच जाती मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली घेतला. तोपर्यंत पारावरचे आकडे म्हणजे अंदाज, आणि ज्याला जो उमेदवार उभा करायचा असतो त्याच्या सोयीने तो अंदाज फुगतो किंवा आटतो.

दुसरी अडचण आडनावाची. आपल्या भागात पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायतही असतो. कारण पाटील हे मुळात जातीचे नाव नव्हे, वतनाचे नाव. तेव्हा मतदारयादीवर बोट फिरवून "हे घर आपले, ते त्यांचे" असे सांगणारा गावाबाहेर पडला की हमखास चुकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तासगावसारख्या तालुक्यात विधानसभेला समोरासमोर उभे राहणारे दोन्ही प्रमुख उमेदवार बहुधा एकाच मोठ्या समाजातले असतात. मग जातीने कोण निवडायचा? अंजनीचे आर. आर. पाटील, ज्यांना सारा महाराष्ट्र आबा म्हणत असे, ते १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सहा वेळा येथून आमदार झाले. एवढी वर्षे एकाच माणसाला निवडून देताना मतदारांनी केवळ जात पाहिली असे म्हणावे, तर ती जात समोरच्याजवळही होती. अशा लढतीत गट पाहिला जातो, भावकी पाहिली जाते, पाण्याची पाळी, सोसायटीचे कर्ज, कारखान्याचे बिल हे सगळे पाहिले जाते. आणि अडल्या वेळी दार कोण उघडतो, हेही पाहिले जाते. अँथनी कार्टर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने फलटण तालुक्यातील राजकारण गावात राहून पाहिले. त्यांचे पुस्तक १९७४ साली निघाले. एकाच समाजातले पुढारी परस्परांविरुद्ध उभे ठाकतात आणि प्रत्येक जण इतर जातींतली माणसे आपल्या गटात गोळा करतो, असे चित्र त्यांनी मांडले. आपल्याला यात नवल वाटणार नाही. प्रत्येक तालुक्यात दोन गट असतात, आणि दोन्ही गटांत सगळ्या जाती असतात.

आता कुणी म्हणेल, "तर मग जातीचा काही परिणाम होतच नाही, असे तुमचे म्हणणे आहे काय?" नाही, तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. परिणाम होतो. तो कसा होतो, एवढे मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

साधा मतदार उमेदवाराला जवळून ओळखत नसतो. दाखला हवा असला, पोरीचे नाव वसतिगृहात घालायचे असले, पोलिसांत तक्रार द्यायची असली, तर हा माणूस मला ओट्यावर बसवील की बाहेर उभे करील, ही त्याची खरी चिंता. अशा वेळी "आपल्यातला" माणूस त्याला कमी धोक्याचा वाटतो. म्हणजे जातीच्या मतामागे पुष्कळदा प्रेमापेक्षा काळजी अधिक असते. ज्या गावात कुठल्याही जातीच्या माणसाचे काम सरपंच सारख्याच तत्परतेने करतो, तेथे ही काळजी कमी होते, आणि तिच्याबरोबर जातीचे मतही सैल पडते.

याला आपल्या जिल्ह्यांचा इतिहास साक्षी आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या गेल्या. मताचा हक्क तेव्हा फार थोड्यांना होता. सत्यशोधक चळवळीत वाढलेले भास्करराव जाधव १९२३ साली सातारा जिल्ह्यातून निवडून गेले आणि पुढे मंत्री झाले. त्या काळी कचेरीत, कोर्टात, शाळाखात्यात ज्यांचा एकही माणूस दिसत नव्हता, त्या समाजांनी एकत्र येऊन मत दिले. त्याला आपण नुसता जातीयवाद म्हणून मोकळे होऊ शकत नाही. दाराबाहेर उभे असलेल्यांनी आत येण्यासाठी एकमेकांचा हात धरला होता.

पण संख्येने थोडे असलेल्यांना असा हात धरूनही आत जाता येतेच असे नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीतले आहे. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात: एक सर्वसाधारण जागेवर, एक अनुसूचित जातींच्या राखीव जागेवर. मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. उत्तर मुंबईच्या अशा मतदारसंघातून १९५२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री! काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा १४,५६१ मतांनी पराभव केला. काजरोळकरही अनुसूचित जातींपैकीच होते. काँग्रेसची त्या वेळी मोठी लाट होती, हे खरे. परंतु राखीव जागा असली तरी तिथला उमेदवार ठरवतात सगळ्या समाजांचे मतदार. ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांचे एकट्याचे मत पुरत नाही. १९३२ च्या पुणे करारापूर्वी बाबासाहेबांनी जी शंका बोलून दाखवली होती, तिचा फटका असा त्यांनाच बसला. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. हा प्रश्न मात्र आजही ग्रामपंचायतीत दिसतो. सरपंचपद राखीव निघते आणि गावातले वजनदार लोक त्या समाजातला, आपल्या ऐकण्यातला, निमूट सही करणारा माणूस शोधू लागतात.

म्हणून पाचशे घरांनी जात पाहून मत देणे आणि वीस घरांनी एकजुटीने मत देणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. पहिल्यात सत्ता राखण्याचा विचार असतो, दुसऱ्यात बहुधा जीव राखण्याचा.

हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत जातीच्या जागी वर्ण आहे. तेथे काळ्या माणसाला मताचा हक्क नाकारता येणार नाही, असे १८७० साली घटनेत लिहिले गेले. तरी दक्षिणेकडील राज्यांनी मतपट्टी नावाचा कर बसवून आणि वाचन-लेखनाच्या परीक्षा घेऊन त्यांना केंद्राबाहेर ठेवले. १९६५ साली मतदान हक्काचा कडक कायदा झाला तेव्हा कुठे तो दरवाजा उघडला. ज्या पक्षाच्या अध्यक्षाने तो कायदा केला, त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने काळे मतदार आजवर मोठ्या संख्येने राहिले आहेत, आणि त्या पक्षाचा उमेदवार बहुतेक वेळा गोराच होता. म्हणजे त्यांनी कातडीचा रंग पाहिला नाही, विश्वास पाहिला. २००८ साली बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत शंभर काळ्या मतदारांपैकी ९५ जणांनी आणि शंभर गोऱ्यांपैकी ४३ जणांनी त्यांना मत दिल्याचे आढळले. रंगाचा परिणाम यात उघड दिसतो. पण केवळ काळ्यांच्या मतांवर ते निवडून आलेच नसते, कारण मतदारांत त्यांची संख्या शंभरात तेरांच्या आसपास होती. आपल्याकडेही गणित असेच आहे. तालुक्यात कुठल्याही एका समाजाला दुसऱ्याच्या मदतीवाचून जिंकता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात मतदारांनी जातीपलीकडे पाहिल्याचे दाखलेही आहेत. प्रा. मधू दंडवते यांचा जन्म नगरचा. पण कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने १९७१ ते १९८९ या काळात त्यांना पाच वेळा लोकसभेत पाठवले. आपल्या शेजारच्या सांगोल्यात गणपतराव देशमुख विधानसभेला अकरा वेळा निवडून आले. त्यांच्या धनगर समाजाची मते तेथे पुष्कळ होती, हे खरेच. परंतु तेवढ्याच मतांवर अकरा वेळा कुणी निवडून येत नाही, आणि साध्या राहणीचा आमदार म्हणून त्यांचे नाव राज्यभर झाले नसते.

आता आपला तिसरा प्रश्न: हा हिशेब कुणाच्या फायद्याचा? 'व्होट बँक' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या एका खेड्याविषयी १९५५ साली लिहिताना तो वापरला. त्यांना दिसले ते असे, की गावातला एखादा वजनदार माणूस आपल्या मुठीतली मते एकगठ्ठा उमेदवाराला देतो आणि त्या बदल्यात स्वतःसाठी सवलती मिळवतो. बँक म्हणावे ती अशी: पैसा तुमचा, आणि काढतो दुसराच.

तासगावच्या मंडळींना हे बेदाण्याच्या भाषेत चटकन कळेल. सौद्यात आपला माल अडत्यामार्फत विकला जातो. पण तेथे माल उघडून दाखवतात, रंग पाहतात, भाव पुकारला जातो, आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. मतांचा अडत्या मात्र माल दाखवत नाही, भाव सांगत नाही आणि पट्टीही देत नाही. "आमच्या समाजाची सगळी मते तुमचीच" असे तो परस्पर सांगून येतो. मंडळी, त्याला हा अधिकार कुणी दिला?

यावर कुणी हळूच म्हणेल, "बोलायला ठीक आहे, पण आमच्या वस्तीचे मत कुठे गेले ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळते." ही भीती खोटी नाही. एकेका माणसाचे मत गुप्त असते. यंत्रावर कोणते बटण दाबले ते कुणालाही शोधता येत नाही. मात्र मोजणीत प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा निघतो, आणि लहान गावात केंद्र एकच असते. कागदी मतपत्रिका असताना अनेक केंद्रांची मते मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांचे आकडे एकत्र करणारे 'टोटलायझर' नावाचे साधन वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. विधी आयोगानेही २०१५ साली तशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही.

तरीही कायदा मतदाराच्या पाठीशी आहे, हे गुरुजींनी आणि बाईंनी गावात जरूर सांगावे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्म, वंश, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी स्पष्ट केले, की यात उमेदवाराची जात जशी येते, तशी मतदाराचीही येते. "मत दिले नाहीस तर वाळीत टाकू" अशी धमकीही त्याच कलमात बसते. शिवाय वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने केलेला स्वतंत्र कायदा २०१७ पासून लागू आहे; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बेल-भंडारा उचलायला लावून घेतलेली शपथ कायद्याने कुणालाही बांधत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सोपा प्रयोग सुचवतो. वर्गाचा प्रमुख निवडताना प्रथम हात वर करायला सांगा आणि मोजा. मग त्याच उमेदवारांसाठी चिठ्ठ्या टाकायला सांगा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक पडला तर मुलांनाच विचारा, की तो का पडला असेल. कुठलीही जात न उच्चारता गुप्त मतदानाचे मोल मुलांना तेवढ्यात कळेल.

आणि मतदारांनी काय करावे? उमेदवार दारी आला की त्याला पाहुणचार करावा, पाणी द्यावे, आणि तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या पाच वर्षांत आपल्या गावात तू किती वेळा आलास? ज्यांची मते तुला मिळाली नाहीत त्यांचे एखादे काम केलेस का? आणि आमच्या वतीने तुला शब्द कुणी दिला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. त्यात एखाद्या माणसाचे नाव निघाले, तर आपले मत अजून आपल्या हातात आहे, हे त्या माणसालाही एकदा कळू द्यावे.